आजोबांना काही झालं नाही, मग सिगारेटने कॅन्सर होतो कसा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मला तो नीट कळला आहे की नाही हे तुम्हालाही पाहता येईल. बाबांचं वय ५४. चोवीस-पंचविसाव्या वर्षापासून रोज दहाच्या आसपास सिगारेटी. सोडा म्हटलं की त्यांची उत्तरं ठरलेली: "माझे वडील बिडी ओढत ८५ वर्षं जगले, त्यांना काही झालं नाही." "समोरच्या काकूंनी आयुष्यात सिगारेटला हात लावला नाही, तरी फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेल्या." आणि हे दोन्ही बोलून झालं की, "तीस वर्षं झाली, व्हायचं ते होऊन गेलं, आता सोडून काय उपयोग?" तुम्हाला विचारायचं आहे की सिगारेट आणि कॅन्सरचा संबंध खरोखर सिद्ध झालाय का, बाबांचा एकदा स्कॅन करून घ्यावा का, आणि तुम्ही स्वतः दिवसाला दोन-तीनच ओढता, त्याचं काय.

मी छातीच्या विकारांची डॉक्टर आहे, सोलापूर भागात बरीच वर्षं प्रॅक्टिस करते. बाबांचे हे तिन्ही मुद्दे मी ओपीडीत सतत ऐकते. पहिल्या दोन मुद्द्यांतली माणसं खरी आहेत. आजोबा खरे आहेत, काकूही खऱ्या आहेत. त्यांना खोटं पाडायला गेलात तर वाद हराल, कारण बाबांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. मला विचाराल तर तुमच्या घरातला खरा प्रश्न तिसरा आहे: चोपन्नाव्या वर्षी सोडून हाती काय लागतं? त्याचं उत्तर "पुष्कळ" असं आहे आणि त्याला आकड्यांचा आधार आहे. पण तिथे पोचायला आजोबांपासूनच सुरुवात करावी लागेल.

ब्रिटनमधल्या पुरुषांचा एक जुना आणि चांगला तपासलेला हिशेब आहे. जे आयुष्यभर सिगारेट ओढत राहतात, त्यांच्यातल्या दर १०० जणांमागे सुमारे १६ जण पंचाहत्तरीच्या आत फुफ्फुसाच्या कॅन्सरने दगावतात. कधीच न ओढणाऱ्यांत हे प्रमाण १०० मागे एकाहूनही कमी आहे. आता हाच आकडा उलटा वाचा. १०० पैकी ८४ जणांना हा मृत्यू येत नाही. म्हणजे आजोबांसारखी माणसं प्रत्येक गावात, प्रत्येक भावकीत सापडणारच. ती सापडतात म्हणून संबंध खोटा ठरत नाही. १६ आणि एक यांतला फरक हाच तो संबंध. दुसरं असं की बिडी ओढणारे जे पंचावन्नाव्या-साठाव्या वर्षी गेले, ते आज पारावर बसून "मला काही झालं नाही" असं सांगायला नाहीत. आपल्याला दिसतात ते उरलेले.

शिवाय "काही झालं नाही" म्हणजे काय, हेही एकदा घरात विचारा. आजोबांना शेवटच्या दहा वर्षांत जिना चढताना धाप लागत होती का? सकाळी उठल्यावर बेडका काढण्यात अर्धा तास जात होता का? आपल्याकडे याला आजार म्हणत नाहीत, "वय झालं" म्हणतात. धूम्रपानाने जाणारी सगळी माणसं कॅन्सरने जात नाहीत. हृदयविकार, दम्यासारखा वाटणारा पण त्याहून चिवट सीओपीडी आणि आपल्या देशात टीबी, या वाटांनीही ती जातात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय अभ्यासात सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सरासरी १० वर्षांनी आणि बिडी ओढणाऱ्या पुरुषांचं सुमारे ६ वर्षांनी कमी झालेलं आढळलं. बिडी ओढणाऱ्या बायकांचं तर सुमारे ८ वर्षांनी.

बिडीचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते, कारण आमच्या भागात हजारो घरं बिड्या वळून चालतात आणि "बिडी म्हणजे पानाची, देशी, सौम्य" हा समज फार पक्का आहे. बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा बरीच कमी असते हे खरं. पण तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही, बिडी पटकन विझते, म्हणून ती पेटती ठेवायला झुरके जास्त आणि जोरात मारावे लागतात. त्यामुळे एका बिडीतून छातीत जाणारं निकोटिन आणि डांबरासारखा चिकट अंश सिगारेटइतका किंवा त्याहून जास्तही भरतो. पैशांची ओढाताण झाली म्हणून बाबा उद्या बिडीवर आले, तर तो बदल धरू नका.

आता काकू. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटांचा एक अभ्यास आहे. त्यात जवळपास निम्मे लोक कधीच धूम्रपान न केलेले होते. म्हणजे काकूंचं उदाहरण अपवाद नाही. आपल्याकडे असे पेशंट भरपूर आहेत. चुलीचा धूर, घरातल्या दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर, शहरातली हवा, कामाच्या जागी श्वासात गेलेला ॲस्बेस्टॉस, ही काही कारणं असतात. काही पेशंटांत यातलं काहीच सापडत नाही. न ओढणाऱ्यांच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकातला बदल जास्त वेळा सापडतो, त्यावर आता गोळ्या आहेत, आणि एकूणच तो आजार थोडा वेगळा वागतो.

पण त्याच आकड्याची दुसरी बाजू बघा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात धूम्रपान करणारे प्रौढ लोक १०० पैकी ११ सुद्धा नाहीत. आणि कॅन्सरच्या पेशंटांत मात्र निम्मे तेच. दहातला एक माणूस निम्म्या खाटा भरतो आहे. (हा हिशेब ढोबळ आहे. वय, स्त्री-पुरुष, आधी ओढून सोडलेले, हे सगळं त्यात धरलेलं नाही. पण वारा कुठून वाहतो ते कळतं.) सिगारेटशिवायही कॅन्सर होतो आणि सिगारेटनेही होतो. एका वाक्याने दुसरं खोटं ठरत नाही.

सिद्ध झालंय का, या प्रश्नाला मी जरा वेळ देणार आहे, कारण ही गोष्ट मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते. १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू झपाट्याने वाढत होते आणि कारण कळत नव्हतं. रिचर्ड डॉल या डॉक्टरांना सुरुवातीला संशय होता रस्त्यावरच्या डांबराचा आणि मोटारींच्या धुराचा. त्यांनी आणि संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतल्या पेशंटांना तपशीलवार प्रश्न विचारायला सुरुवात केली. हे हिल म्हणजे टीबीवरच्या स्ट्रेप्टोमायसिनची ती प्रसिद्ध चाचणी आखणारे. आम्हा छातीच्या डॉक्टरांवर त्यांचं ऋण दुहेरी आहे. १९५० साली निकाल छापला. फुफ्फुसाचा कॅन्सर झालेल्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे होते फक्त २. त्यांच्याशी वय जुळणाऱ्या, दुसऱ्याच आजारांनी दाखल झालेल्या ६४९ पुरुषांत असे २७ होते.

त्या अभ्यासातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. मुलाखतीच्या वेळी काही पेशंटांना फुफ्फुसाचा कॅन्सर असल्याचं समजलं जात होतं आणि नंतर ते निदान चुकीचं निघालं. म्हणजे विचारणाऱ्यालाही वाटत होतं की समोर कॅन्सरचा पेशंट आहे. विचारणाऱ्याच्या मनातल्या समजुतीमुळे उत्तरं वाकडी होत असती, तर या लोकांच्या सवयीही कॅन्सरवाल्यांसारख्या नोंदल्या गेल्या असत्या. तसं झालं नाही. त्यांच्या धूम्रपानाच्या सवयी कॅन्सर नसलेल्यांशी जुळल्या. डॉल यांनी त्याच काळात स्वतःची सिगारेट सोडली.

तरी टीका झालीच, की आजारी माणसाला मागचं विचारून काय कळणार. म्हणून १९५१ मध्ये या दोघांनी दिशा फिरवली. ब्रिटनच्या डॉक्टरांनाच पत्रं पाठवून त्यांच्या सवयी आधी लिहून घेतल्या आणि मग पुढे कोण कशाने मरतं ते पाहत राहिले. ३४,४३९ पुरुष डॉक्टर, पुरी ५० वर्षं. शेवटचा अहवाल २००४ साली आला, तेव्हा डॉल नव्वदी पार केलेले होते. सिगारेट ओढत राहिलेले डॉक्टर न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षं आधी गेले. जास्त ओढणाऱ्यांत कॅन्सर जास्त, कमी ओढणाऱ्यांत कमी, सोडलेल्यांत वर्षागणिक आणखी कमी. कारण वाढवलं की परिणाम वाढतो आणि कारण काढलं की परिणाम उतरतो, हे इतक्या माणसांत इतकी वर्षं दिसल्यावर "योगायोग असेल" म्हणायला जागा उरत नाही.

आणि आता तर आत काय घडतं तेही कळलंय. तंबाखू जळताना ७,००० हून जास्त रसायनं तयार होतात, त्यातली सुमारे ७० कॅन्सर घडवणारी. त्यांच्यातलं बेंझोपायरीन घ्या. ते शरीरात गेल्यावर यकृत आणि फुफ्फुसातली रसायनं त्याला बाहेर काढण्यासाठी विरघळण्याजोगं करू पाहतात, आणि त्या खटाटोपात त्याचं जे रूप तयार होतं ते थेट डीएनएला चिकटतं. १९९६ मध्ये शास्त्रज्ञांनी ते कुठे चिकटतं हे तपासलं. बिघडलेल्या पेशीला वाढू न देण्याचं काम पी-५३ नावाचं एक जनुक करतं. त्या जनुकाच्या ज्या ठिकाणी फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये बिघाड सापडतात, नेमका तिथेच हा पदार्थ जाऊन बसत होता. २०१६ मध्ये आणखी एक हिशेब आला: रोज एक पाकीट असं वर्षभर ओढलं, तर फुफ्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी १५० कायमचे बदल होतात. स्वरयंत्राच्या पेशीत ९७, तोंडाच्या पेशीत २३, मूत्राशयाच्या पेशीत १८. मूत्राशयाचं लोकांना नवल वाटतं, पण रक्तात गेलेली घाण लघवीवाटे बाहेर पडते आणि तोवर तिथे साचून राहते. म्हणूनच सिगारेट ओढणाऱ्याला लघवीतून न दुखता रक्त गेलं, तर ते उन्हाळी लागल्याचं समजून सोडून देऊ नये.

यातले बहुतेक बदल निरुपद्रवी असतात. पण पेशी विभागते तेव्हा बदलासकट विभागते. सातबाऱ्यावर एकदा चुकीची नोंद चढली की पुढचा प्रत्येक उतारा ती चूक घेऊनच निघतो, तसंच. एका पेशीच्या वंशात नेमके नको ते चार-सहा बदल जमा व्हायला वीस-तीस वर्षं लागतात. कुणात ते जमतात, कुणात नाही. आजोबा वाचले ते इथे.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते, आणि ती तुमच्या स्वतःच्या दोन-तीन सिगारेटींशी जोडलेली आहे. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये रोज किती ओढता यापेक्षा किती वर्षं ओढता याचं वजन बरंच जास्त पडतं. दहाच्या पाच केल्या आणि अजून वीस वर्षं चालू ठेवल्या, तर माणसाला वाटतं तेवढं हाती लागत नाही. शिवाय कमी केलेल्या सिगारेटी माणूस नकळत खोल ओढतो आणि टोकापर्यंत ओढतो. तुम्ही कमी ओढता हे पाचपेक्षा बरंच, पण नॉर्वेतल्या एका दीर्घ पाहणीत दिवसाला एक ते चार सिगारेटी ओढणाऱ्या पुरुषांत फुफ्फुसाच्या कॅन्सरने मृत्यूचा धोका न ओढणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट आणि स्त्रियांत पाचपट आढळला. हृदयाचं गणित आणखी कडक आहे. दिवसाला एकच सिगारेट ओढली तरी वीस सिगारेटींमुळे हृदयविकाराचा जो जास्तीचा धोका येतो, त्याच्या जवळपास निम्मा येतो. तुमचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण बाबा चोपन्नचे आहेत म्हणजे तुम्ही तिशीच्या आतबाहेर असाल. तुमच्याइतकं स्वस्तात सुटण्याची संधी या घरात दुसऱ्या कुणाला नाही. टपरीवर चहाबरोबर एक, जेवणानंतर एक, असं असेल तर ते अजून सवयीच्या पातळीवर असण्याची शक्यता जास्त आहे. आणि सिगारेटचा वास अंगाला घेऊन घरी येणाऱ्या मुलाने बापाला सोडायला सांगावं, तर ते बापाला पटणार नाही. दोघांनी एका दिवशी सोडली तर मात्र मी ते फार चांगलं जमलेलं पाहिलंय.

आता चोपन्नाव्या वर्षाचा प्रश्न. वर जो १६ चा आकडा दिला, त्याच अभ्यासात सोडणाऱ्यांचेही आकडे आहेत. साठाव्या वर्षी सोडली तर १६ चे १० होतात. पन्नासाव्या वर्षी सोडली तर ६. चाळिसाव्या वर्षी ३, तिसाव्या वर्षी २. बाबा पन्नास आणि साठच्या मधे आहेत. म्हणजे त्यांच्यापुढची निम्म्याच्या आसपास जोखीम अजून यायची आहे, ती होऊन गेलेली नाही. "व्हायचं ते होऊन गेलं" या वाक्यात चूक आहे ती इथे. आयुष्याच्या लांबीतही तेच दिसतं: डॉक्टरांच्या त्या अभ्यासात साठीत सोडणाऱ्यांना सरासरी ३ वर्षं मिळाली, पन्नाशीत सोडणाऱ्यांना ६.

हे आकडे ब्रिटिश पुरुषांचे आणि पाकीटभर ओढणाऱ्यांचं प्रमाण जास्त असलेल्या काळातले आहेत. बाबांना ते जसेच्या तसे लागू होणार नाहीत. घरात कुणाला कॅन्सर झालाय का, बाबा दारू घेतात का (सिगारेट आणि दारू मिळून घसा आणि अन्ननलिकेला होणारा धोका दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त असतो), कामाच्या जागी धूळ-धूर आहे का, यावर त्यांचा स्वतःचा आकडा वरखाली होईल. फायद्याची दिशा मात्र बदलणार नाही.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेली एक गोष्ट मी अलीकडे पेशंटांना आवर्जून सांगते. फुफ्फुसाच्या नळ्यांच्या अस्तरातल्या एकेक पेशीचा डीएनए वाचला, तेव्हा सिगारेट सोडलेल्या लोकांत २० ते ४० टक्के पेशी जवळजवळ न ओढणाऱ्यांसारख्या सापडल्या. ओढत राहिलेल्यांत अशा पेशी त्याच्या एक चतुर्थांश होत्या. म्हणजे बिघाडातून वाचलेल्या काही पेशी मागे कुठेतरी टिकून असतात आणि धूर थांबला की अस्तर पुन्हा भरून काढायला लागतात. फुफ्फुसाचे फुगे फुटून झालेली सीओपीडीची हानी मात्र भरून येत नाही, फक्त तिचा पुढे वाढण्याचा वेग मंदावतो. बाबांना दोन्ही गोष्टी सांगा. निम्मं सांगून आशा लावली आणि दम तसाच राहिला, की माणूस पुन्हा टपरीवर जातो.

स्कॅनचं काय करायचं? इथे थोडा हिशेब करू. रोज २० सिगारेटी एक वर्ष, याला आम्ही एक पॅक-वर्ष म्हणतो. बाबांच्या रोज १०, म्हणजे अर्धं पाकीट, गुणिले ३० वर्षं. झाली १५ पॅक-वर्षं. अमेरिकेत लक्षणं नसलेल्या माणसाचा दरवर्षी कमी किरणांचा सीटी स्कॅन सुचवतात तो ५० ते ८० वयात, किमान २० पॅक-वर्षं झालेल्यांना आणि अजून ओढणाऱ्यांना किंवा गेल्या १५ वर्षांत सोडलेल्यांना. बाबा कागदावर त्याच्या अलीकडे आहेत.

कागदावर म्हणते, कारण ओपीडीत "किती ओढता?" विचारलं की "पाच-सहा" असं उत्तर येतं आणि मागे बसलेल्या बायको पदराआडून हाताची दहा बोटं दाखवतात. मग मी प्रश्न बदलते: "पाकीट केव्हा आणता? दहाचं की वीसचं? संपतं कधी? शिवाय ऑफिसबाहेर सुट्या सिगारेटी घेता का?" या चार प्रश्नांनी पाच-सहाच्या बारा-पंधरा होतात. तुम्हीही तसंच मोजा. तेरा-चौदा निघाल्या तर बाबा त्या रेषेवर येतात आणि मग स्कॅनबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोलण्यात अर्थ आहे.

स्कॅनने जीव वाचतात हे खरं आहे. २०११ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत ५३,००० हून जास्त लोक होते आणि सीटी केलेल्या गटात फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू साध्या एक्स-रेच्या गटापेक्षा २० टक्क्यांनी कमी झाले. पण त्याच चाचणीत स्कॅनवर ज्यांना संशयास्पद "काहीतरी" दिसलं, त्यातल्या १०० पैकी ९६ वेळा ते कॅन्सर नव्हतंच. आपल्याकडे ही अडचण आणखी मोठी आहे, कारण टीबीचे जुने वण असंख्य छात्यांत असतात. एक बारीक ठिपका दिसतो, मग तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन, मग कधी सुईने तुकडा काढणं, आणि तोवर घरात कुणाला झोप नाही. याची तयारी ठेवूनच स्कॅन करावा. "एकदा करून टाकू" असा तो उपयोगी पडत नाही. करायचा तर दरवर्षी. साध्या एक्स-रेवर तर विसंबूच नका, सुरुवातीची छोटी गाठ त्यात हृदयाच्या किंवा बरगडीच्या सावलीत लपते.

माझी सगळ्यात मोठी भीती वेगळी आहे. रिपोर्ट स्वच्छ आला की माणूस तो परवाना समजतो. पाकिटाबरोबर खिशात रिपोर्टची घडी ठेवून हिंडणारे पेशंट मी पाहिलेत. म्हणून बाबांच्या बाबतीत मी स्कॅनच्या आधी स्पायरोमेट्री करेन. नळीत जोरात फुंकायची तपासणी आहे, स्वस्त आहे, आणि फुफ्फुसाची ताकद किती उरली ते समोर दिसतं. सोबत ब्लडप्रेशर, साखर, ईसीजी.

सोडवायची कशी, यावर लोक इच्छाशक्तीची व्याख्यानं देतात. मी ते टाळते. निकोटिनचं व्यसन हे व्यसनच आहे आणि त्याला औषधं आहेत. बाबांना एवढंच विचारा की सकाळी डोळे उघडल्यापासून पहिली सिगारेट किती वेळात लागते. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर व्यसन मुरलेलं आहे, नुसत्या निश्चयावर सोपवू नका. व्हॅरेनिक्लिन ही गोळी साधारण १२ आठवड्यांची असते, सुरू केल्यावर आठवड्याभराने सिगारेट बंद करायची. कुणाला मळमळ होते, कुणाला विचित्र स्वप्नं पडतात, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डोस बदलावा लागतो. म्हणून डॉक्टरांना विचारूनच. ब्युप्रोपिऑन हे दुसरं औषध, फिट्स येणाऱ्यांना ते देत नाहीत.

निकोटिन गम औषधाच्या दुकानात मिळतो आणि दहांतले आठ लोक तो चुकीचा खातात, असं मला दिसतं. बबलगमसारखा सलग चावला की सगळं निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं, उचकी लागते, जळजळ होते, आणि "हे काही कामाचं नाही" म्हणून डबी फेकली जाते. हळू चावायचा. तोंडात तिखटसर झिणझिण्या आल्या की थांबून गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायचा. चव गेली की पुन्हा चार-पाचदा चावायचा, पुन्हा ठेवायचा. अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना चहा-कॉफी नाही, नाहीतर निकोटिन शोषलं जात नाही. आपल्याकडे तलफ आणि चहा एकत्रच येतात, त्यामुळे ही अट सगळ्यात जास्त मोडली जाते. गममध्येही निकोटिनच असतं, मग तेच विष नाही का, असं बाबा विचारतील. निकोटिन माणसाला बांधून ठेवतं. कॅन्सर घडवणारी मुख्य रसायनं जळत्या तंबाखूच्या धुरात असतात.

दिवस ठरवून, त्या दिवशी पूर्ण बंद, हे माझ्या पेशंटांना हळूहळू कमी करण्यापेक्षा जास्त जमतं. पहिला आठवडा वाईट जातो. चिडचिड, झोप मोडणं, पोट साफ न होणं. तलफ काही मिनिटांची असते, ती सरते. खोकला सुरुवातीला कधी वाढतो, कारण नळ्यांतली साफसफाई पुन्हा सुरू झालेली असते. बाबा म्हणतील सोडल्यामुळेच बिघडलं, तेव्हा हे आधीच सांगून ठेवा. वजन चार-पाच किलो वाढू शकतं. आणि महाराष्ट्रात एक खड्डा हमखास असतो: सिगारेट सुटते आणि तंबाखू-चुना किंवा मशेरी हाताला लागते. २०१६-१७ च्या पाहणीत आपल्या राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ ४ टक्क्यांहून कमी आणि तोंडात तंबाखू धरणारे सुमारे २४ टक्के होते. तोंडाच्या कॅन्सरचे वॉर्ड त्यानेच भरलेत. तो बदल चालणार नाही.

घरी डॉक्टर नको म्हणत असतील तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा मोफत क्रमांक आहे, सिगारेटच्या पाकिटावरही छापलेला असतो. समुपदेशकाशी बोलता येतं. कुणी दोनदा-तीनदा सोडून पुन्हा धरली म्हणून त्याला नावं ठेवू नका, कायमचे सुटलेले बहुतेक जण मधे एकदा तरी घसरलेले असतात.

शेवटी लक्षणांबद्दल, कारण इथे वेळ जातो. तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला किंवा रोजच्यापेक्षा बदललेला खोकला, बेडक्यात रक्ताची नुसती रेघ, तीन आठवडे बसलेला आवाज, कारण नसताना उतरलेलं वजन, खांद्यात किंवा छातीत एकाच जागी राहणारं दुखणं. सिगारेट ओढणाऱ्या माणसात यातलं काहीही असेल, तर स्क्रीनिंगचे (लक्षणं नसताना करायच्या तपासणीचे) नियम आणि पॅक-वर्षं बाजूला ठेवायची. तो तपासणीचा पेशंट आहे. आपल्याकडे अशा वेळी एक्स-रेवर डाग दिसला की थुंकीत जंतू सापडलेले नसतानाही टीबीच्या गोळ्या सुरू होतात, आणि "वजन वाढेल, वाट बघू" म्हणत चार-सहा महिने निघून जातात. टीबी असू शकतो, नाकारत नाही. धूम्रपान करणाऱ्यांत तो जास्तच असतो. पण थुंकीची जीन-एक्सपर्ट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी) तपासणी झाली आहे का, ती निगेटिव्ह असेल तर गोळ्या कशाच्या आधारावर दिल्या, आणि एक-दीड महिन्यात फरक नाही तर सीटी आणि ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनळीत दुर्बीण घालून आतून पाहणं) कधी, हे तीन प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारा. चांगला डॉक्टर त्यावर चिडणार नाही. बाबांचं पाकीट खरोखर किती दिवसांत संपतं ते आठवडाभर मोजा, त्यांची स्पायरोमेट्री करून घ्या, आणि दोन्ही आकडे इथे लिहा. स्कॅनबद्दल त्यानंतर मला जास्त नेमकं सांगता येईल.